गुडघ्याचे ऑपरेशन झाले, पुढे काय?

गुडघा बदलण्याचे ऑपरेशन आता बेळगावसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. त्यामुळे आपल्या धर्मग्रामातील कष्टकरी बंधुभगिनींना पुन्हा चालण्याची आशा वाटू लागली आहे. परंतु नवा सांधा नीट वाकता व सरळ होता करणे, हे अर्धे काम घरीच व्हावयाचे असते. त्याविषयी आम्ही येथे थोडे सांगतो.

पुष्कळ घरांत मायेपोटीच चूक होते. दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी देतात आणि "आई, तू पडून राहा" म्हणतात. अशाने पाय वाकलेलाच आखडतो व पुढे लंगडत चालावे लागते. उशी द्यावयाचीच तर टाचेखाली द्यावी.

डॉक्टरांनी शिकविलेला व्यायाम रोज ठरल्याप्रमाणे करावा : पाऊल वरखाली हलविणे, गुडघा खाटेवर दाबणे, टाच घासत गुडघा वाकविणे. डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी अर्धा तास आधी घेतल्यास व्यायाम सोपा जातो. नंतर बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावा. वॉकर धरून घरात थोडे थोडे चालावे. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

जखमेवर तेल, हळद, लेप काही लावू नये. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चुकवू नये. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दुखले वा धाप लागली, तर क्षणभरही न थांबता इस्पितळात न्यावे.

उकिडवे बसून भांगलण, विळीवर बसणे, पोती उचलणे आता सोडावे. सूज काही महिने राहते. पुरती ताकद येण्यास वर्षही लागते. म्हणून सुगी आटोपल्यावर ऑपरेशन करणे सोयीचे. पुढेही पायात काटा मोडून पिकला तर दुर्लक्ष करू नये. तो जंतुदोष रक्तातून नव्या सांध्यात उतरू शकतो.

मिस्सेच्या वेळी गुडघे टेकता येत नाहीत, याची खंत नको. प्रकृतीमुळे ज्यांना शक्य नाही, त्यांना चर्चने मोकळीक दिली आहे. बाकावर बसून केलेली प्रार्थनाही परमेश्वर ऐकतो. आणि शेजाऱ्यांनी अशा घरच्या गुरांचे शेण-वैरण चार दिवस पाहिले, तर तीही ख्रिस्ताची सेवाच होय.