वाक्यांचा लिलाव

'तो गेला नाही' हे इंग्रजीत सांगा म्हटले, की पदवीच्या वर्गातही 'ही डिड नॉट वेंट' असे उत्तर येते. नियम शाळेत शिकवलेला असतो, विद्यार्थी तो पाठ म्हणूनही दाखवतात. मग चूक का होते?

मराठीत 'गेला' आणि 'गेला नाही' या दोन्हींत क्रियापदाचे भूतकाळी रूप कायम राहते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड'वर जातो आणि क्रियापद 'गो' या मूळ रूपात येते. म्हणजे ही चूक मातृभाषेच्या सवयीची आहे. सवय केवळ नियम ऐकून बदलत नाही. त्यासाठी सराव लागतो. तो कंटाळवाणा होऊ नये म्हणून एक खेळ पाहू.

फळ्यावर दहा वाक्ये लिहा. काही बरोबर, काही चूक. चार-चार जणांचे गट करा. प्रत्येक गटाला कागदावरचे हजार रुपये द्या. मग एकेका वाक्याचा लिलाव. ज्याच्याकडे शेवटी बरोबर वाक्ये जास्त, तो गट जिंकला. चुकीचे वाक्य घेतले, तर पैसे बुडाले. त्यामुळे बोलीआधी गटात वाद होतो, कारणे दिली जातात, नियम आठवावा लागतो.

हे आठवणेच महत्त्वाचे आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

वाक्य पाहून चूक ओळखणे हे आठवून लिहिण्यापेक्षा सोपे असते. म्हणून आपण एक नियम वाढवू: फळा पुसल्यावर चुकीचे वाक्य दुरुस्त करून लिहिले आणि कारण सांगितले, तर बुडालेले निम्मे पैसे परत.

बक्षिसांबाबत मात्र सावध राहायला हवे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना असे आढळले, की चित्रे काढण्यासाठी आधी बक्षीस कबूल केलेली बालवाडीतील मुले पुढे आपणहून कमी चित्रे काढू लागली. मोठ्यांचेही अगदी तसेच होईल असे नाही; पण गुण हेच उद्दिष्ट ठरले, तर व्याकरण मागे पडते.

खरी परीक्षा आठवड्यानंतर. 'काल मी काय केले नाही' यावर पाच इंग्रजी वाक्ये लिहायला सांगा. लिलाव नाही, गुण नाहीत. त्यात 'डिड'नंतर मूळ क्रियापद आपोआप आले, तर खेळाने काम केले असे समजावे.