अपडेटनंतरचे चार दिवस

घरचा संगणक : भाग ११

"त्या अपडेटने पार वाट लावली हो. आता फॉरमॅटच मारायचा का?" आमच्या सोसायटीचे खजिनदार काका रविवारी सकाळी दारातच म्हणाले. मेंटेनन्सच्या पावत्या काढायच्या होत्या. एक्सेल उघडायला पाच मिनिटं लागत होती आणि माउसचा बाण अडखळत, मधूनच उडी मारत चालला होता. दुकानदाराने मशीन न बघता फोनवरच निदान केलं होतं : रॅम वाढवा, विंडोज नवीन टाका.

फॉरमॅट हा उपाय आपल्याकडे फार स्वस्त झालाय. डोकं दुखलं की टक्कल करून घ्यावं, तसा. मी काकांना म्हटलं, चहा ठेवा, आधी बघू तरी कोण काय करतंय ते.

मायक्रोसॉफ्टची महिन्याची मोठी अपडेट दुसऱ्या मंगळवारी येते. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, त्यामुळे आपली मशीन्स साधारण बुधवारी-गुरुवारी रीस्टार्ट मागतात. काकांच्या मशीनने बुधवारी मागितला. म्हणजे आजचा चौथा दिवस.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. सीपीयू दहा-बारा टक्के, मेमरी निम्मी रिकामी. म्हणजे रॅमचा सल्ला तिथेच बाद. डिस्कचा रकाना मात्र लाल होऊन १०० टक्क्यांवर बसलेला. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केलं की जास्त खाणारे वर येतात. वर आले ते तिघेही घरचेच : विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर, सर्च इंडेक्सर आणि अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल. पहिला अपडेटनंतरची आवराआवर करतो, दुसरा फाइलींची शोधसूची लावतो, तिसरा म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तो फाइली तपासतो. व्हायरस नाही, बिघाड नाही. पाहुणे गेल्यावर घरात चाललेली झाडलोट. एसएसडी असलेल्या मशीनवर ही कामं कधी उरकली ते कळतही नाही. काकांकडे जुनी फिरती हार्ड डिस्क. तिला प्रत्येक फाइलसाठी सुई इकडून तिकडे न्यावी लागते आणि तिघांनी एकदम हाका मारल्या की चौथ्याची, म्हणजे एक्सेलची, पाळी येतच नाही.

पण चार दिवस? इथे खरी गंमत आहे. यातली बरीच कामं तुम्ही मशीन वापरत नसाल तेव्हा करायची, अशीच रचना आहे. काका रोज सकाळी तासभर बसणार, पूर्ण वेळ काहीतरी टाइप करणार आणि उठताना लगेच बंद करणार. मशीनला मोकळा वेळच नाही. झाडू अर्ध्यावर टाकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा उचलायचा. स्क्रीन बंद होऊ द्यायची, पण स्लीप 'नेव्हर'वर ठेवून मशीन दिवसभर चालू सोडायचं, एवढाच उपाय केला. संध्याकाळी डिस्क तीन टक्क्यांवर आली होती.

"अहो, पण मी रोज बंद-चालू करतच होतो की!" काकांचा मुद्दा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे खाली अप टाइम दिसतो. काकांचा चार दिवसांचा होता. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. ती चालू असली की 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. मशीन लवकर सुरू होतं, पण आतला गुंता तसाच राहतो. पाटी खरी पुसली जाते ती 'रीस्टार्ट'ने. मला विचाराल तर ही नावं उलटी हवी होती.

आता माउस. इथे अपडेट निर्दोष निघाली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर डबल क्लिक करून ड्रायव्हरचा टॅब पाहिला. 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण फिकट होतं, म्हणजे परत जायला जुना ड्रायव्हर मागे नव्हताच. बुधवारी तो बदलला गेल्याची खूण नाही. तिथली तारीख २१ जून २००६ पाहून काका दचकले. दचकू नका. विंडोज आपल्या पदरच्या ड्रायव्हरांवर मुद्दाम ही जुनी तारीख टाकतं, म्हणजे माउस बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर आला तर तोच सरस ठरावा.

मग मशीनच्या मागे वाकून पाहिलं. अपडेटच्या धास्तीने काकांनी त्याच दिवशी बॅकअपसाठी नवी हार्ड डिस्क आणून निळ्या यूएसबी खाचेत लावली होती आणि तिला अगदी खेटून वायरलेस माउसचा नखाएवढा डोंगल. यूएसबी ३.० ची वायर काम करताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते आणि बहुतेक वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. डोंगल पुढच्या खाचेत लावला. बाण सरळ चालू लागला. खर्च शून्य, चहा दोन कप.

ड्रायव्हर खरोखर बदललेला असेल तर रोल बॅकचं बटण ठळक दिसेल, दाबा. थोडा वेळ स्वस्थ बसल्यावर माउस झोपत असेल, तर पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमधली वीज वाचवण्याची खूण काढा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

अपडेट नेहमीच निर्दोष असते असं मात्र नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड दोन्ही मुके झाले. नेहमीच्या विंडोजमध्ये ते ठणठणीत, दुरुस्तीच्या खोलीत गेलं की निकामी! सहा दिवसांनी, २० तारखेला, मायक्रोसॉफ्टला खास दुरुस्ती सोडावी लागली. तोवर जुन्या गोल पीएस/२ पिनेचे कीबोर्ड तिथे चालत होते. अपडेटच दोषी ठरली तर अपडेट हिस्टरीत जाऊन 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून ती काढता येते. पण तो शेवटचा मार्ग, कारण तिच्याबरोबर सुरक्षेची डागडुजीही निघून जाते.

काकांची हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकायची आहे, तेवढा खर्च मी त्यांना सुचवलाय. तुम्ही या आठवड्यात आपल्या मशीनचा अप टाइम आणि टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी पाहून ठेवा. पुढच्या भागात त्या यादीतलं काय काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते पाहू.