सतरा अंशांचं छप्पर

एक्स-रेवर मी पेन्सिलीने दोन रेघा ओढते. एक मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या मध्यातून सरळ वर, दुसरी तिथूनच खोबणीच्या बाहेरच्या कडेला. मधला कोन 25 अंशांच्या वर हवा. ताईंचा 17 भरला. स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी 1939 साली मांडलेली ही मोजणी आजही चालते. 20 च्या खाली कोन गेला, म्हणजे गोळ्यावरचं छप्पर अपुरं.

ताई 34 वर्षांच्या, शाळेत शिकवतात. दिवसभर फळ्यापुढे उभं राहिलं की संध्याकाळी जांघेत कळ येते. कित्येक वर्षं "कंबर धरलीय" म्हणून तेल चोळत राहिल्या.

आरशासमोर त्यांना उजव्या पायावर उभं केलं आणि मागून कमरेच्या दोन्ही हाडांवर बोटं टेकवली. डावा पाय उचलताच माझं डावं बोट खाली गेलं. खुब्याच्या बाहेरचे स्नायू कंबर तोलून धरत नव्हते.

"मॅडम, व्यायामाने खोबण भरून येईल?"

नाही येणार. हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. मोठ्या माणसाची खोबण वजनं उचलून खोल होत नाही. त्यासाठी राइनहोल्ट गांझ यांनी बर्नमध्ये 1984 पासून सुरू केलेली शस्त्रक्रिया आहे. भोवतालचं हाड कापून खोबण सुटी करतात, गोळा झाकला जाईल अशी फिरवतात आणि स्क्रूंनी बसवतात. मागचा खांब अखंड ठेवतात, त्यामुळे ओटीपोटाचं हाडांचं कडं तुटत नाही. मग कित्येक आठवडे कुबड्या. पण हे सगळं सांध्यातली कूर्चा शाबूत आहे तोवरच. ती झिजली की खुबा बदलणंच हाती उरतं. म्हणून "वर्षानुवर्षं व्यायाम करा, मग बघू" हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

तरी व्यायाम मी सोडत नाही. डेन्मार्कमधल्या ऑरहूसला अशा रुग्णांना 8 आठवडे टप्प्याटप्प्याने वाढतं वजन दिलं, तेव्हा दुखणं कमी झालं आणि ताकदही वाढली. पुढे डेन्मार्कमध्येच शस्त्रक्रिया आणि हा व्यायाम यांची थेट तुलना करणारी चाचणी हाती घेतली गेली.

ताईंच्या घोट्याला पट्टा बांधून मशीनवर पाय बाहेर न्यायला लावते. घाई झाली की धड दुसरीकडे कलतं आणि कंबरच काम उरकते. "सावकाश, ताई. तीन मोजत परत आणा." दहाव्या वेळी मांडी थरथरली पाहिजे, नाही थरथरली तर वजन कमी पडलं. दुखणं दहापैकी पाचापर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरलं पाहिजे. आकडा त्या स्वतः वहीत लिहितात. पहिल्या आठवड्यात 6, 5, 6. आठव्यात 3, 2, 2.

काल परत आरशासमोर उभं केलं. बोट जेमतेम हललं. फळ्यापुढे सलग चार तास उभं राहता येतं म्हणाल्या, पण जिना उतरताना खुब्यात काहीतरी अडकतं, ते अजून तसंच आहे.

कोनही 17 च आहे. परवा त्या सर्जनकडे निघाल्यात. एक्स-रेच्या पाकिटात वहीही ठेवायला सांगितलीय.