माळ्यावरचे सहा फूट

देवरूखजवळच्या आमच्या घराचा माळा लहानपणी मला अफाट वाटायचा. भाताची कणगी, पितळी भांड्यांची ट्रंक, मखराची लाकडं, मे महिन्यात आंब्याची आढी आणि त्यापलीकडे नुसता काळोख. गेल्या गणपतीत ओटीवर, पडवीत, माजघरात मिळून एकवीस माणसं झोपली, तेव्हा दादानं वर बोट दाखवलं. "एवढी जागा नुसती पडून आहे. एक खोली सहज होईल." मे महिन्यात टेप, खडू आणि ओळंबा घेऊन आम्ही वर चढलो. खाली उतरायला चार दिवस लागले म्हटलं तरी चालेल.

घर दुपाखी, मंगळुरी कौलांचं. रुंदी १८ फूट. माळ्याच्या फळ्यांपासून आढं पावणेआठ फुटांवर आणि कडेची भिंत जेमतेम अडीच फूट वर आलेली. मधून कडेकडे सरकलं की दर फुटाला उंची सुमारे सात इंचांनी उतरते. दादा सहा फूट उंच. त्याला चालायला सांगून डोकं वाशाला टेकेल तिथे मी खडूची रेघ मारत गेले. दोन्ही बाजूंच्या रेघांमध्ये उरला सहा फुटांचा पट्टा. अठरापैकी सहा! चार फूट उंचीच्या रेघा धरल्या तर पावणेतेरा फूट मिळत होते, पण ती बसायची, आडवं व्हायची जागा. त्याच्या पलीकडे फक्त सामान. म्हणजे पूर्ण उंचीची खोली इथे नव्हतीच. झोपायला, वाचत पडायला जागा मिळेल, एवढंच धरून पुढचा विचार करायचा होता.

भिंती दोन फूट चढवून छप्पर उचलता येईल का, हे सुतारकाकांना विचारलं. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, उतरवलेलं कौल परत तसंच्या तसं चढत नाही." आमच्या कौलांवर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का आहे. बासेल मिशननं १८६५ मध्ये तिथे कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे तिकडची कौलं समुद्रमार्गे कोकणभर पोचली. एकेक कौल दोन-अडीच किलोचं. फुटलं तर त्याच खोबणीचं दुसरं मिळणं कठीण. वांदरांच्या उड्यांनी आधीच किती गेली आहेत! छप्पर उचलायचं नाही, हे तिथेच ठरलं.

मग तुळया. चार बाय सहा इंचांच्या, ऐनाच्या, तीन-तीन फुटांवर टाकलेल्या. बाहेरच्या भिंतीपासून मधल्या खांबांवरच्या सऱ्यापर्यंत नऊ फुटांचा पल्ला. सुतारकाका प्रत्येक तुळईवर हातोडीनं ठोकत आणि कान देत. मधे ठणठण वाजणारी तुळई भिंतीजवळ आली की आवाज बद्द व्हायचा. चिऱ्याच्या भिंतीत ओल राहते आणि लाकूड कुजतं ते नेहमी भिंतीत शिरलेल्या टोकाला. एका ठिकाणी त्यांनी पटाशीचं टोक नुसतं दाबलं, ते दोन इंच आत गेलं आणि भुसा गळला. अशा दोन निघाल्या. चूल होती तोवर धुरानं लाकूड राखलं, गॅस आला आणि भुंगा आला, असं त्यांचं म्हणणं.

बाकीच्या तुळया खोलीचं ओझं पेलतील का? राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो भार धरायचा, हे आपल्याकडचं मानक. एका तुळईच्या वाट्याला नऊ गुणिले तीन फूट, म्हणजे अडीच चौरस मीटर. म्हणजेच ५०० किलो. घरात भात होतंच. पन्नास किलोची दहा पोती एका तुळईच्या रेषेत पसरून रचली आणि खालून दोन टोकांना सूत ताणून बांधलं. पल्ल्याच्या ३६०व्या भागापर्यंतचा बाक चालतो असं धरतात. नऊ फुटांना तो ०.३ इंच. आमची तुळई पाव इंच वाकली. पोती उतरवल्यावर परत सुताला लागली. मला त्या जुन्या लाकडाला हात लावून नमस्कार करावासा वाटला, आणि मी केला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जिन्यानं. आजवर वर जायला उभी शिडी होती. भात चढवायला पुरे, पण रात्री झोपेत उतरणाऱ्या पोराला नव्हे. पायरी साडेसात इंचांहून उंच नको आणि पाय ठेवायला दहा इंच हवेत. माजघराच्या जमिनीपासून माळा साडेआठ फूट. चौदा चढ झाले, सरळ जिन्याला लांबी पावणेअकरा फूट लागणार. पण खरी अडचण वेगळी. जिना वर जिथे निघतो तिथे माणसाच्या डोक्याला जागा हवी, म्हणजे तो आढ्याखालीच निघायला हवा. आढ्याला समांतर ठेवला तर तीन तुळया कापाव्या लागतात. तुळयांच्या दिशेनं ठेवला तर एकही कापावी लागत नाही, पण वर निघायला पुरती लांबीच नाही आणि डोकं वाशात.

दोन दिवस माजघराच्या जमिनीवर खडूनं जिने काढून पुसले. शेवटी वळणाचा जिना बसला. बाहेरच्या भिंतीकडून दोन तुळयांच्या मधल्या गाळ्यातून सहा पायऱ्या, खांबांच्या रांगेपाशी तीन फुटांचा चौक, तिथून काटकोनात वळून आढ्याखाली वर. दोनच तुळया कापायच्या, आणि त्या नेमक्या कुजक्या टोकांच्या! कापलेल्या टोकांचा भार घेणाऱ्या नव्या तुळयांसाठी सुतारकाकांनी तीन बाय आठ इंच सुचवलं. लाकूड चार बाय सहाइतकंच, पण उभं घातल्यानं ताकद एक तृतीयांशानं जास्त आणि बाक जवळजवळ निम्मा. मी हे कागदावर सोडवून पाहिलं. त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं.

आईनं एकच गोष्ट विचारली. "देवांच्या डोक्यावर कोण झोपणार?" देवघराच्या वरचा गाळा नकाशातून वगळला. तिथे कणगी आणि ट्रंक राहतील.

ग्रामपंचायतीत विचारणा झाली, कागद जमवले. उन्हाचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. भर दुपारी माळ्यावर पारा ४१ अंशांवर, त्याच वेळी खाली माजघरात ३३. वर्षानुवर्षं माळा छपराची धग अंगावर घेत होता, म्हणून खाली आम्ही दुपारी गाढ झोपायचो. आता तिथेच माणसं झोपवायची तर धगीला दुसरी वाट हवी. वाशांच्या खालून फळ्यांचं छत, कौलं आणि फळ्यांमध्ये चार इंचांची पोकळी, वळचणीला आणि आढ्याशी ती उघडी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाईल. उघड्या तोंडांना बारीक जाळी, नाहीतर कांडेचोर बिऱ्हाड करील. छपरातून बाहेर काढलेली खिडकी भावजयीला फार हवी होती. पण दोन पाखी जिथे मिळतात तिथली पन्हळ आमच्या पावसात किती वर्षं टिकेल? त्याऐवजी बाजूच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर दोन खिडक्या आणि चार काचेची कौलं.

काम दिवाळीनंतर. तोवर छत मारायचं नाही, कारण एकदा फळ्या ठोकल्या की गळती दिसत नाही. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी बॅटरी आणि खडू घेऊन वर बसले. थेंब पडला की त्याभोवती गोल काढायचा. पहाटेपर्यंत अकरा गोल झाले. तीन गोल आम्ही नकाशात खाट मांडली होती तिथेच. सकाळी दादानं वर येऊन ते मोजले, वरच्या कौलांवर खुणा केल्या, आणि खाट दीड फूट पूर्वेला सरकवली.