चमकणारी पेशी आणि वीतभर पतंग: तुलना करायची कशी?

कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकवणारी नॉक्टिल्युका आणि सह्याद्रीच्या दमट रानातला ॲटलास पतंग. या दोघांची तुलना आकारावर थांबली, तर हाती काही लागत नाही. आपण दोघांना एकच प्रश्न विचारू: संख्येत झालेली घट भरून कशी निघते?

आधी शरीर. नॉक्टिल्युका एकपेशीय आहे, म्हणजे एकच पेशी हेच तिचं सगळं शरीर. मोठ्यात मोठी दोनेक मिलिमीटरची. ॲटलासचे पंख पसरले की वीतभर भरतात.

मग अन्न, आणि इथे बरेच जण चुकतात. नॉक्टिल्युकाला वनस्पती समजतात. ती तर सूक्ष्म शैवाल आणि माशांची अंडीही गिळते. दमलेल्या ॲटलाससमोर कुणी साखरपाणी ठेवतं. त्याचा उपयोग नाही, कारण त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. पेरू, दालचिनीची पानं खाऊन सुरवंटाने साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दीड आठवडा काढतो.

आता प्रकाश. लाट आपटली की नॉक्टिल्युकाच्या पेशीत रासायनिक क्रिया होते आणि ती क्षणभर लखलखते. आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरला पावसाळ्यात कुजक्या लाकडावर उजळते ती मात्र बुरशी. तिचा मंद हिरवट उजेड सलग राहतो. या दोन्हींची गल्लत नेहमी होते. पतंगाला स्वतःचा उजेड नाही. उजळ आकाश पाठीकडे ठेवून उडायची त्याची सवय. वाटेत दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते आणि तो तिथेच घिरट्या घालत राहतो.

आता मूळ प्रश्न. नॉक्टिल्युका दुभागते, एकीच्या दोन होतात. सांडपाणी आणि खतं समुद्रात उतरली की शैवाल माजतं, आणि ते खाऊन हीही माजते. ॲटलासची मादी कोषाजवळ बसून गंध सोडते. पिसांसारख्या मिशांनी तो टिपत नराला अंधारातून यावं लागतं. त्याच्या मोजक्या रात्रींतल्या दोन खांबावरच्या दिव्याभोवती गेल्या, तर ती जोडी जुळेलच असं नाही. माणसाच्या वावराने एकीची भरभराट होते, दुसऱ्याची वाट अडते.

ॲटलास अजून संकटग्रस्त ठरलेला नाही. हवाई बेटांवरचा ब्लॅकबर्न पतंग मात्र २००० साली अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला. त्याच्या सुरवंटाचं मूळ खाद्यझाड, आइएआ, दुर्मिळ झालं होतं. आपल्याकडे भीमाशंकर अभयारण्य १९८५पासून आहे, पण पतंगाला अभयारण्याची हद्द कळत नाही.

म्हणून जुन्नर-आंबेगावात घराच्या भिंतीवर असा पतंग दिसला, तर बाहेरचा दिवा मालवावा. परसातल्या पेरूवर पांढुरक्या भुकटीने माखलेला जाडजूड हिरवट सुरवंट दिसला, तर त्या फांदीवर फवारणी करू नये.