पेशीतला 'ध'चा 'मा'

'ध'चा 'मा' म्हटले की आपल्याला शनिवारवाडा आठवतो. नारायणरावास 'धरावे' या हुकुमातले एक अक्षर बदलले, त्याचे 'मारावे' झाले आणि १७७३ साली गारद्यांनी पेशव्याचा जीव घेतला, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यात तथ्य किती ते इतिहासकार जाणोत. मला कुतूहल वाटते ते आख्यायिकेतल्या गारद्यांचे. चिठ्ठीत जे लिहिले होते ते त्यांनी केले. आपल्या शरीरातल्या पेशी अशाच आज्ञाधारक असतात.

उदाहरण रक्ताचेच घेऊ. तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन हे प्रथिन फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवते. ते कसे घडवायचे, हे डीएनएच्या ग्रंथात लिहिलेले असते. ग्रंथाची वर्णमाला अवघी चार अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. मूळ ग्रंथ केंद्रकाबाहेर न्यायचा नाही, असा पेशीचा दंडक. हवे तेवढेच पान उतरवून घ्यायचे. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. (नकलेत 'टी'ऐवजी 'यू' लिहितात, एवढेच.) ती बाहेर आली की रायबोसोम नावाचा सूक्ष्म कारखाना तीन-तीन अक्षरे वाचत जातो. दर त्रिकुटाला एक अमिनो आम्ल ठरलेले. दुसऱ्या जातीचा आरएनए ते उचलून आणतो आणि रायबोसोम त्याला आधीच्याशी जोडतो. गजऱ्यात फुलामागून फूल ओवावे तसे. त्रिकुटे चौसष्ट, अमिनो आम्ले वीस, आणि तीन त्रिकुटे नुसते पूर्णविराम. हे कोडे उलगडल्याबद्दल १९६८ चे नोबेल मिळाले, त्या तिघांत आपले हरगोविंद खुराना होते.

हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ मण्यांची. सहावा मणी ग्लुटामिक आम्ल, त्याचे त्रिकूट 'जीएजी'. काही माणसांत मधल्या 'ए'च्या जागी 'टी' असतो. झाले 'जीटीजी', म्हणजे व्हॅलिन. रायबोसोमला त्याचे काय! तो इमानेइतबारे व्हॅलिन ओवतो. गंमत अशी, की शेवटचा 'जी' बदलून 'ए' झाला असता तर काहीच बिघडले नसते; 'जीएए'चाही अर्थ ग्लुटामिक आम्लच. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी पत्राचा अर्थ कळतो, तसे. इथे मात्र 'ध'चा 'मा' होतो. व्हॅलिनला पाण्याचे वावडे. प्राणवायू सुटला की अशी हिमोग्लोबिने एकमेकांना चिकटतात, त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. हाच सिकलसेल. फरक एका मण्याचा आहे, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ साली दाखवून दिले.

मी काही वर्षे गडचिरोली जिल्ह्यात मास्तरकी केली. नववीतली एक मुलगी महिन्यातून आठ-आठ दिवस गैरहजर असायची. हातपाय ठणकायचे, डोळे पिवळे दिसायचे. घरी गेलो तर आजी म्हणाली, "गुरुजी, सुनेच्या माहेरचंच रक्त खराब हाय." आई चुलीपाशी खाली मान घालून बसली होती. आख्यायिकेत खापर आनंदीबाईंवर फुटते; इथेही बाईवरच! वास्तविक प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. हा आजार व्हायला दोन्ही बिघडलेल्या लागतात. म्हणजे आजीच्या मुलाकडूनही ते अक्षर आले होते. एकच बिघडलेली प्रत असणारा 'वाहक' सहसा ठणठणीत असतो. पण आईवडील दोघेही वाहक असले, तर दर बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारांत एक.

मग असे घातकी अक्षर पिढ्यानपिढ्या टिकले कसे? मलेरियाच्या मुलखात वाहकाला जिवावरच्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. कोणाचे रक्त 'खराब' म्हणायचे, हा प्रश्न एवढा सोपा नाही.

उपचारांची कथाही या ग्रंथातलीच. गर्भातले बाळ बीटाऐवजी गॅमा साखळी वापरते. जन्मानंतर गॅमाचे पान हळूहळू मिटते, बीटाचे उघडते. म्हणून सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने निरोगी दिसते. २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात चुकलेले अक्षर दुरुस्त करत नाहीत. रुग्णाच्या मूलपेशी बाहेर काढून, गॅमाचे पान मिटवणाऱ्या यंत्रणेवर कात्री चालवतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर! आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवून. आणि औषध म्हणाल तर हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. ती फार जुनी आणि त्या मानाने खूपच स्वस्त. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर वेदनांचे झटके कमी करते. करते तेही तसेच: मिटलेले गॅमाचे पान थोडेसे किलकिले करून.