वायर की वायफाय?

उस्मानपुऱ्यासारख्या भागात एकाच इमारतीत क्लास, दवाखाना आणि सीएचं ऑफिस असं शेजार नवीन नाही. अशा ठिकाणी निवड कशी कराल?

● वायर : कॅट-६ केबलवर १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट वेग. जागचे न हलणारे संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही यांना हीच द्या.

● वायफाय : मोबाइल, लॅपटॉपसाठी. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोहोचतं. पण त्यात १, ६, ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. शेजारचे राउटर वाढले की वेग मंदावतो. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पल्ला कमी.

● दोन इमारतींमध्ये : फायबर. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यातल्या विजांचा धोका कमी.

थोडक्यात : बसलेल्याला वायर, फिरणाऱ्याला वायफाय.